महाकाय भोपळ्यासाठी मादी फूल कसं निवडायचं

भोपळ्याच्या वेलीवर मादी फुलं दिसू लागली की नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुक्षीचे खंड चार असलेलं फूल ठेवू की पाच?" कुक्षी म्हणजे मादी फुलाच्या मधोमध असलेला, पराग झेलणारा भाग. प्रश्न चांगला आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी फूल वेलीवर कुठे आलंय ते बघायचं, मग त्याचा देठ, मग फुलाखालचा गोळा आणि शेवटी कुक्षी. हा क्रम उलटा केला की सुंदर पाचखंडी फूल बुंध्याजवळ, आखूड देठावर धरलं जातं आणि महिन्याभराने भोपळा स्वतःच्याच वजनाने देठ तोडून घेतो. पुढच्या पायऱ्या म्हणूनच याच क्रमाने दिल्या आहेत.

आधी भोपळा कुठला ते ठरवा

गोव्यात चवथीला गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगतात, त्या माटोळीसाठी भोपळा हवा असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. माटोळीत किंवा बाजारात दिसतो तो आपला नेहमीचा लाल भोपळा बहुतेक वेळा कुकुर्बिटा मोशाटा या जातीचा असतो. स्पर्धांतले महाकाय भोपळे कुकुर्बिटा मॅक्सिमा जातीचे, आणि त्यातही 'अटलांटिक जायंट' या वाणाचे. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातले शेतकरी हॉवर्ड डिल यांनी निवड करत करत हा वाण घडवला आणि 1979 पासून सलग चार वर्षं जागतिक पातळीवरची बक्षिसं घेतली. त्याच वंशातल्या एका भोपळ्याने 2023 च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या हाफ मून बे इथे 1247 किलोचा काटा दाखवला.

हा आकडा वाचून फार हुरळू नका. तो भोपळा पिकला त्या अमेरिकेतल्या मिनेसोटात उन्हाळ्यात पंधरा तासांहून मोठा दिवस असतो, आणि आपल्याला भोपळा लावायचा तो पाऊस संपल्यावर, म्हणजे सव्वाअकरा तासांच्या दिवसात. वर कोरड्या महिन्यांतही दुपारी तापमान 32 अंशांवर जातं. पेडण्यात किंवा सत्तरीत पन्नास किलोचा भोपळा पिकवलात तर शेजारच्या वाड्यावरची माणसं बघायला येतील. तेवढं ध्येय पहिल्या वर्षाला पुष्कळ झालं.

बियाण्याबद्दल एक सावधगिरी. ऑनलाइन मिळणाऱ्या 'जायंट' लिहिलेल्या पाकिटात नेमकं काय असतं ते वेल मोठी झाल्यावरच कळतं. परदेशातल्या कुणाकडून टपालाने बी मागवायचं असेल तर 2003 च्या प्लांट क्वारंटाईन आदेशानुसार आयात परवाना आणि तिथल्या यंत्रणेचं पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. नातेवाइकाच्या बॅगेतून चोरून आणलेलं बी नवा रोगही सोबत आणू शकतं.

लावणीपुरतं थोडक्यात

दिवाळीच्या आसपास, परतीचा पाऊस ओसरला की बी घाला. पावसाळ्यात लावलेली वेल केवडा रोगाने आणि कुजीने जाते. मीटरभर रुंदीचं आळं, भरपूर कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, तेव्हा चुना किती घालायचा ते माती तपासूनच ठरवा; जुने गोवे किंवा मडगावच्या कृषी विज्ञान केंद्रात त्याची चौकशी करा. वायंगणाच्या, म्हणजे उन्हाळी भाताच्या, ओल्या खाचरात हे पीक घेऊ नका, पाण्याचा निचरा होणारा उंचवटाच हवा. एका वेलीला चाळीसेक चौरस मीटर जागा मोकळी ठेवा. कुळागरात माडा-पोफळींच्या सावलीत ती वाढेल, पण नुसती पानंच वाढतील.

एक वेल मात्र दहा दिवस आधी लावा, किंवा एकूण तीन वेली तरी ठेवा. कारण पुढे कळेल.

पायरी 1: मादी फूल आधीच हेरा

नर फूल लांब, सडपातळ दांड्यावर सरळ उभं असतं. मादी फुलाखाली कळी असतानाच छोटा गोळा दिसतो. तो अंडाशय, म्हणजे तुमचा भावी भोपळा. वेलीच्या शेंड्याजवळ, पान उलगडत असताना तो शेंगदाण्याएवढा असतो तेव्हाच दिसू लागतो, आणि तिथून फूल उमलायला साधारण आठ-दहा दिवस मिळतात. रोज सकाळी शेंडा बघायची सवय लावून घ्या, म्हणजे निवड करायला वेळ हाताशी राहतो.

भोपळावर्गात लांब दिवस आणि उष्णता नर फुलांना पोषक, तर छोटे दिवस आणि थंड रात्री मादी फुलांना. थंड प्रदेशात उन्हाळ्यात वेलीवर आधी नर फुलांचा सडा पडतो आणि मादी फुलाची वाट बघावी लागते. आपल्याकडे डिसेंबरात मादी फूल लवकर, बुंध्याच्या जवळच येऊ शकतं, आणि तेव्हा नेमकं नर फूल तयार नसतं. आधी लावलेली वेल कामाला येते ती इथे. परसातल्या देशी भोपळ्याचं नर फूल वापरून भागेल असं समजू नका. जात वेगळी असल्याने फळ नीट धरत नाही.

पायरी 2: जागा बघा

बुंध्याजवळचं पहिलं मादी फूल खुडून टाका. हात थरथरेल, तरी खुडा. त्या वेळी वेलीवर पानं मोजकी असतात, आणि भोपळ्यात भरणारी साखर सगळी पानांतूनच येते. फळ लवकर धरलं की वेलीची वाढ मंदावते, आणि पुढे भोपळा ताकद मागतो तेव्हा द्यायला वेलीकडे काही उरत नाही.

फूल मुख्य वेलीवरचं हवं, बाजूच्या फांदीवरचं नको. बुंध्यापासून तीन ते साडेचार मीटर हे अंतर जगभरचे हौशी लोक धरतात. आपल्याकडे हंगाम आखूड, फेब्रुवारी सरता सरता ऊन टोचायला लागतं, म्हणून मी तीन मीटरच्या जवळपास थांबायला सांगेन. त्या फुलाच्या मागेपुढे बाजूच्या फांद्या फुटलेल्या असाव्यात, आणि प्रत्येक पेरावर माती ओढून तिथे मुळं धरलेली असावीत.

वेल थोडी वळवता येते. फूल ज्या पेरावर आहे तिथे वेलीला हलका बाक द्या आणि फूल त्या बाकाच्या बाहेरच्या बाजूला राहू द्या. पुढे भोपळा फुगतो तेव्हा त्याच्या खांद्यांना वेलीपासून दूर जायला जागा मिळते. आतल्या बाजूला राहिलेला भोपळा वेलच चिरडतो.

एखादी वेल पट्टीसारखी चपटी, रुंद होऊन वाढते आणि एकाच पेरावर दोन-दोन फुलं आणते. दिसायला जोरदार, पण अशा वेलीवरचं जोडफूल ठेवू नका. फळं एकमेकांना चिकटतात किंवा देठ फाटतो.

पायरी 3: देठ, म्हणजे खरी परीक्षा

मादी फुलाच्या सगळ्या लक्षणांत मी सगळ्यात जास्त वजन देठाला देतो, आणि बहुतेक नवखे त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. भोपळ्याला मिळणारं सगळं पाणी आणि सगळी साखर या एकाच नळीतून जाते. अटलांटिक जायंटसारख्या वाणांत शेकडो किलोंचं फळ कसं भरतं, याचा अमेरिकेतल्या संशोधकांनी 2015 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. निवडीतून बदललं होतं ते मुख्यतः पानांच्या आणि फळाच्या देठांतल्या साखर वाहणाऱ्या ऊतीचं प्रमाण. मोठ्या वाणांत ती ऊतीच जास्त आढळली.

म्हणून फूल उमलायच्या आधीच तीन गोष्टी तपासा.

जाडी: एकाच वेलीवरच्या दोन-तीन मादी कळ्या शेजारी धरल्यासारख्या बघा. ज्या देठाचा वेलीशी जोड रुंद आहे ती कळी ठेवा.

लांबी: देठ आखूड असला की भोपळ्याचा खांदा थेट वेलीला टेकतो. वाढ जोरात असताना महाकाय भोपळा दिवसाला वीस किलोंपेक्षाही जास्त वाढलेला आहे. आपल्याकडे दिवसाला किलो-दीड किलो वाढला तरी आखूड देठावरचा ताण तोच. दहा-बारा सेंटिमीटर देठ असेल तर निर्धास्त राहा. पाच सेंटिमीटर असेल तर दुसरी कळी शोधा.

कोन: देठ वेलीशी काटकोनात असावा. बहुतेक कळ्या शेंड्याच्या दिशेने झुकलेल्या, लघुकोनात येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फळ धरल्यावर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं करत त्याला काटकोनात आणता येतं. हे काम दुपारी करा. सकाळी वेल पाण्याने टरारलेली असते आणि जरा जोर लागला तर काडकन मोडते. दुपारच्या उन्हात ती नरमलेली असते. एका वेळी बोटभर सरकवा, बाजूला काठी रोवून थांबवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. फळाच्या दोन्ही बाजूंच्या एक-दोन पेरांखालची मुळं सोडवून टाका, म्हणजे भोपळा उंच होईल तशी वेल वर उचलली जाईल. इतर पेरांवर मुळं हवीत आणि इथे नकोत, हे विसंगत वाटलं तरी बरोबर आहे.

पायरी 4: गोळ्याचा आकार

उमलायच्या दिवशी महाकाय वाणाचा अंडाशय मोठ्या लिंबाएवढा किंवा त्याहून थोडा मोठा असतो. दोन फुलं जागा आणि देठ या बाबतींत सारखी असतील तर मोठ्या गोळ्याची निवडा. भोपळ्याचा पुढचा आकार पेशी किती आणि त्या किती फुगल्या यावर ठरतो. पेशींची संख्या वाढायचं काम अंडाशयातच सुरू होतं आणि फळ धरल्यावर पहिले दोन-तीन आठवडे चालतं, त्यानंतर मुख्यतः फुगण्याचं. सुरुवातच मोठ्या गोळ्याने झाली तर तेवढी भर पडते.

गोळा चकचकीत, लवदार आणि सगळ्या बाजूंनी सारखा हवा. एका बाजूला खपाटीला गेलेला, वेडावाकडा गोळा पुढे तसाच वाढतो. लांबट गोळ्याचं फळ लांबट होतं, त्यात वाईट काही नाही. गोळ्यावर टाचणीच्या टोकाएवढा डाग आणि त्यातून चिकट थेंब दिसला तर ती फळमाशी. तिने अंडी घातलेली असतात, ते फूल लगेच खुडून गाडून टाका. आपल्या दमट हवेत भोपळ्याचा हा पहिला शत्रू आहे, म्हणून कळी असल्यापासूनच गोळ्यावर मलमलीची किंवा कागदाची सैल पिशवी बांधा आणि वाफ्याच्या कडेला क्यू-ल्युरचे सापळे लावा. सापळ्यात नर माश्या सापडतात. अंडी घालणारी मादी त्यात येत नाही, म्हणून पिशवीला पर्याय नाही.

पायरी 5: आता कुक्षी

फूल उमललं की मधोमध पिवळी-केशरी, मखमली कुक्षी दिसते. तिचे खंड मोजा. साध्या भोपळ्यात ते बहुतेक तीन असतात. अटलांटिक जायंटमध्ये चार-पाच नेहमीचे, आणि सहा-सातही दिसतात. प्रत्येक खंड मधून किंचित चिरलेला असतो, त्यामुळे नवखा माणूस दुप्पट मोजतो. खंडाचा देठ कुठून निघतो ते बघून मोजा.

खंड म्हणजे आतल्या कप्प्यांची बाहेरची खूण. खंड जितके, तितके बियांचे कप्पे. जास्त कप्पे म्हणजे रुंद घेर, म्हणून मोठा भोपळा, असा एका गटाचा तर्क. दुसरा गट म्हणतो की पाच-सहा खंडांची फळं खोल खाचांची होतात आणि जोराच्या वाढीत तिथेच तडकतात, म्हणून नीटस चारखंडी फूल बरं. मोठाले भोपळे दोन्हींतून निघालेले आहेत. माझं मत विचाराल तर आकड्यापेक्षा सममिती बघा. सगळे खंड सारख्या आकाराचे, सारख्या अंतरावर, पूर्ण उघडलेले असावेत. एखादा खंड खुरटलेला, दोन एकमेकांत मिसळलेले, किंवा कुक्षीच्या मध्ये परागकोशाचा अर्धवट तुकडा असेल तर तो कप्पा नीट भरणार नाही आणि भोपळा त्या बाजूला बसका होईल. जागा, देठ आणि गोळा पास झाल्यावर दोन फुलांत निवड अडली, तरच खंडांच्या संख्येवर निकाल द्या.

पायरी 6: परागीकरण स्वतः करा

आदल्या संध्याकाळी कळीचं टोक फुगतं आणि हिरव्यातून केशरी रंग डोकावतो. ती उद्या उमलणार. मादी कळीच्या टोकाला सुतळीचा सैल फास किंवा कागदी पिशवी लावा, आणि तीन-चार नर कळ्यांनाही तसंच करा. मधमाश्या उजाडताच कामाला लागतात. त्यांनी दुसऱ्या वेलीचा पराग आणला तर फळाचं काही बिघडत नाही, पण पुढच्या वर्षीच्या बियांचा बाप कोण ते कळत नाही. शिवाय मधमाशी सगळ्या खंडांवर सारखी बसेल याची हमी नाही.

सकाळी उजाडता उजाडता, डिसेंबरात पावणेसात-सातच्या सुमारास वाफ्यात हजर व्हा. नर फूल दांड्यासकट तोडा, पाकळ्या काढून टाका आणि मधला परागदांडा बोटावर घासून बघा. पिवळी भुकटी लागली तर पराग तयार आहे. दवाने गच्च भिजलेलं नर फूल वापरू नका. आता मादी फुलाचा फास सोडा आणि प्रत्येक खंडावर, बाहेरून आणि खंडांच्या मधल्या घळीतही, परागदांडा हलकेच फिरवा. एका मादी फुलाला तीन-चार नर फुलं वापरा. पराग मुबलक हवा, कारण आत जेवढी बीजांडं फळतात तेवढी वाढीची संप्रेरकं फळाला मिळतात. एखाद्या खंडावर पराग पडलाच नाही तर त्या बाजूला बी धरत नाही आणि भोपळा तिरका वाढतो.

काम झालं की पाकळ्या पुन्हा मिटवून बांधा, फळमाशीची पिशवी चढवा, देठाजवळ तारखेची चिठ्ठी अडकवा. हे सगळं नऊच्या आत. ऊन तापलं की परागाचा जोर ओसरतो आणि दहापर्यंत फूल मिटायला लागतं. पुढचे चार दिवस दुपारी गोळ्यावर आणि आजूबाजूच्या वेलीवर माडाच्या चुडतांची सावली करा. 32-33 अंशांच्या पुढे कोवळी फळं गळतात, आणि आपल्याकडचं मुख्य नुकसान तेच आहे.

पायरी 7: एकच ठेवा

पाच-सहा दिवसांत निकाल लागतो. फळ धरलं असेल तर गोळा तुकतुकीत होऊन फुगतो. नसेल तर पिवळा पडून टोकाकडून सुकतो. एका वेलीवर ओळीने दोन-तीन फुलं अशी धरा, सगळी एकदम खुडू नका. मग रोज ठरावीक वेळी प्रत्येकाचा घेर मापनपट्टीने मोजून वहीत लिहा. दोन आठवड्यांनी ज्याचा घेर रोज जास्त वाढतोय आणि ज्याचा देठ नीट आहे ते ठेवून बाकीची काढा. घेराने पुढे असलेलं फळ आखूड देठावर असेल तर मी मागे असलेलं, पण लांब देठाचं ठेवीन. काढलेल्या कोवळ्या फळांची भाजी उत्तम होते, त्यामुळे हळहळायचं कारण नाही.

राखलेल्या फळाखाली वाळूचा थर घाला, म्हणजे बूड ओलं राहून कुजणार नाही आणि वाढताना घसटणार नाही. वरून पातळ सुती कापड टाका. पाणी रोज सारखं द्या. दोन दिवस तहानलेल्या वेलीला अचानक पाट सोडला की भोपळा तडकतो. सत्तरी-सांग्याकडे गवे, रानडुकरं आणि साळिंदर यांची सोय करावी लागते ती वेगळीच.

वजनाचा अंदाज न उचलता येतो. जमिनीला समांतर घेर, मग देठाकडून बुडाकडे वरून जमिनीपासून जमिनीपर्यंत, आणि तसंच डावीकडून उजवीकडे, अशी तीन मापं घेऊन त्यांची बेरीज करतात. हौशी मंडळींनी त्या बेरजेवरून वजनाचे तक्ते केलेले आहेत. तक्त्यापेक्षा प्रत्यक्ष काटा कमी दाखवतोय, असं झालं तर फळाची भिंत पातळ आहे.

बी राखताना

फळाचा गर, साल, आकार हे सगळं आईचं शरीर आहे. बापाचा पराग फक्त बियांत जातो, म्हणून यंदाच्या भोपळ्यावर कुठल्या नर फुलाचा पराग पडला याने त्याचा रंग किंवा आकार बदलत नाही. तो फरक पुढच्या लावणीत दिसतो. महाकाय भोपळ्यांच्या जगात बियाण्याला फळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष असं नाव देतात, आणि वंश लिहिताना आई आधी, बाप नंतर. तुम्हीही तसंच लिहा, आणि त्यासोबत आईच्या फुलाची नोंद ठेवा: बुंध्यापासून अंतर, देठाची लांबी, खंड किती, उमलल्याची तारीख. बिया धुऊन सावलीत आठवडाभर खडखडीत वाळवा आणि हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या पावसाळ्यात नुसत्या पाकिटातल्या बियांना गणपतीपर्यंत बुरशी येते.